अठ्ठ्याण्णव टक्के गोल

...नाही, मी टोपी घालून बसलो असतो ना, तर यातलं काही घडलंच नसतं! पण प्रयोगशाळेत टोपी घालतं कोण? तुम्हाला सांगतो, जर्मनीतल्या आमच्या येनामध्ये पोरं बोलायला शिकतात तीच भिंगाबद्दल, आणि त्या गावात मी, डेटलेफ बोर्नशाइन, लेझरच्या सुरक्षेचा अधिकारी... हसू नका, अजून हसायची वेळ आलेली नाही! तर शुक्रवारी सकाळी मी आणि आमच्या तंत्रज्ञ मँडीबाई नव्या लेझरपुढं बसलो. याचा किरण डोळ्यांना दिसत नाही, नुसता तापवतो, म्हणून उष्णता टिपणारा कॅमेरा. आणि किरण गोल की वाकडा, स्थिर की थरथरता, हे सांगायला सॉफ्टवेअर. ते सॉफ्टवेअर त्या कॅमेऱ्याला ओळखच दाखवेना! मुलगी पसंत नसलेल्या नवऱ्यामुलासारखं तोंड फिरवून बसलं. इथं खूण कर, तिथले आकडे बदल, शेवटी वैतागून त्याला सांगितलं, बाबा रे, चौकटीत जे सगळ्यांत गरम दिसेल, तोच किरण समज! आणि काय सांगू, पडद्यावर लालबुंद ठिपका! अठ्ठ्याण्णव टक्के गोल!

पण थरथरत होता. मी मान हलवली. च्च च्च च्च...

"मँडीबाई, किरण वळवणारे तुमचे आरसे सैल आहेत."

"आठवडाभर तेच तर घट्ट करतेय, बोर्नशाइनसाहेब!"

"सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही!"

झालं! त्या बिचाऱ्या यंत्रापलीकडं वाकून स्क्रू पिळताहेत, इकडं मी मान हलवतोय, ठिपका डुलतोय, तो जितका डुलतो तितकी मी मान हलवतो, मी जितकी मान हलवतो तितका तो... तुम्हाला कळलं ना? मला नाही कळलं! दुपार झाली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकीचा, लोटेचा शाळाप्रवेश, म्हणजे पहिलीत जायचा सोहळा. आमच्याकडं माणूस एक वेळ लग्न चुकवेल, पोराचा शाळाप्रवेश नाही. त्या दिवशी पोराच्या हाती द्यायचा असतो तो पोरीएवढा उंच, खाऊनं भरलेला कागदी शंकू बाईंनी प्रयोगशाळेतल्याच कपाटामागं दडवलेला, फक्त वरची रिबीन बांधायची राहिलेली.

"आज होईल ना हो? उद्या सकाळी शाळेत जायचंय."

आणि मी काय म्हणावं? "आज नाही झालं तर उद्या इथं या. सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही."

भांडल्या नाहीत हो! घरी फोन लावला, "आई, शंकू न्यायला कुणाला तरी पाठव, उद्या माझं काही खरं नाही," आणि परत स्क्रू घेऊन बसल्या.

मी कॉफी आणायला उठलो.

"अहो, किरण गेला!"

बसलो. "आला!" उठलो. "गेला!" म्हटलं, बघा, किती सैल ते!

बाई बराच वेळ माझ्याकडं... म्हणजे माझ्या डोक्याकडं बघत राहिल्या. "साहेब, जरा डावीकडं कलता? आता उजवीकडं?" मी कललो. ठिपका कलला. समोर तांब्याचा आरसा, उष्णतेला तोही आरसाच की, आणि त्यात कॅमेऱ्याला दिसत होतं माझं गरम टक्कल!

"साहेब," बाई अगदी हळू म्हणाल्या, "लेझरची किल्ली कुठाय?"

खिशात. माझ्याच! कॅमेऱ्याची वायर जोडण्याआधी नियमाप्रमाणं मीच काढून ठेवलेली. लेझर सकाळपासून बंद! दाराबाहेरचा तांबडा दिवा विझलेला, पण आत बसलेल्याला तो दिसतो कुठं?

आता शिव्या द्याव्यात की नाही माणसानं? छे! "चला, लेझर लावू या," बाई एवढंच म्हणाल्या. लावला. किरण जागचा हलेना. बाईंनी रिबीन बांधली, शंकू खांद्यावर टाकला आणि जाता जाता म्हणाल्या, "उद्या घरी केक खायला या हं."

नाही कसं म्हणणार? टोपी घालूनच गेलो. दारातच त्यांच्या आईनं ती काढून खुंटीला लावली, आणि हात माझ्या हातात, पण नजर? वर! माफी मागायची म्हणून रात्रभर घोकलेलं वाक्य ओठांशी आलं होतं, तेवढ्यात लोटे खुर्चीवर चढली, माझ्या टकलावर तळहात ठेवला आणि घरभर ओरडली, "आई, खरंच गरम आहे गं!"

काय करणार? डोकं आणखी पुढं केलं. म्हटलं, ठेव बाळ, ठेव हात... सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही.