बिबड्यांचा वानोळा

धुरपदा : खरं सांग सुनंदा, काल दुपारी मागच्या खोलीत तू काय पाही राह्यनी व्हती?

सुनंदा : काही नाही गं. इतकी वर्षं भाड्यानं राहिलो तिथं. सुरतेला निघायच्या आधी नजर फिरवली एकदा.

धुरपदा : एकदा? परवाबी गेली व्हती. खिडकीची कडी हलवून पाहिली. नळाला पाणी कधी येतं ते विचारलं. सुरतेच्या बाईले पिंप्राळ्याच्या नळाचं काय करनं शे?

सुनंदा : सहज विचारलं.

धुरपदा : शिवणाचं काम किती मिळतं, हे शेजारच्या मंदाबाईलेबी सहजच विचारलं? अन् रोज लोटनच्या एसटीडीवर जाऊन फोनवर हळूहळू काय बोलतेस? बठ्ठी गल्ली माले विचारते, तुझी पाहुणी कसाले आली शे?

सुनंदा : तुम्हाला भेटायला आले. चार दिवस जड झाले असतील तर सांग. संध्याकाळच्या गाडीनं निघालेच आहे.

धुरपदा : माय वं! जड कोण म्हणतं? लपवाछपवी जड होते.

उखर्डू : (धुरपदाचा नवरा, बाहेरून येत) वहिनी, रिक्षा सांगून आलो. रेल्वेचं गेट पडायच्या आत निघू, नाहीतर तिथंच उभं राहून तुमची गाडी जाताना पाहावी लागेल. धुरपदा, जरा बाहेर ये.

धुरपदा : जे बोलनं शे ते अठेच बोला. तुमची कुजबुज तिलेबी समजते.

उखर्डू : बरं, तोंडावरच बोलतो. राग मानू नका वहिनी. तुमचे दीर कापडाच्या धंद्यात. त्यांना इकडे गोडाऊन पाहिजे, आणि तुम्ही त्यांच्यासाठी आमची खोली हेरताय, असं लोटनकडे बोलतात.

सुनंदा : काहीतरीच!

उखर्डू : काहीतरीच असेल तर उत्तमच. पण व्यापारी एकदा घुसला की निघत नाही. मी खोली देणार नाही.

सुनंदा : दीर माझ्याशी बोलतसुद्धा नाहीत, भाऊ. त्यांच्यासाठी मी काय खोली बघणार?

धुरपदा : बोलत नाहीत? काबरं?

सुनंदा : असंच. घरातलं.

उखर्डू : ठीक आहे. मी रिक्षा बघतो.

(उखर्डू बाहेर जातो.)

धुरपदा : त्यांचं मनावर घेऊ नको. ये, ज्वारीचे पापड, आपले बिबडे, बांधते तुले. मागच्या साली चुलीवरचा घाटा एकटीनं ढवळून ढवळून हाटला, खांदे गेले माझे. तू व्हती तवा दोघी मिळून हसत हसत करायचो. ही लहान थप्पी तुले. ही मोठी तुझ्या विमलच्या सासरी धाड, माझ्याकडून वानोळा. तिच्या सासूले समजू दे, पोरीचं पिंप्राळ्यातबी एक माहेर शे.

सुनंदा : एवढे नकोत गं. घरीच तर खायचेत. ती आणि मी, आम्हाला किती लागतात!

धुरपदा : ती अन् तू?

सुनंदा : म्हणजे... येत-जात असते ना.

धुरपदा : सुनंदा, माझ्याकडे पाह्य. चार दिवस विमलचं विचारलं की तू म्हणते, 'मजेत आहे.' नातीचं विचारलं तर पाणी प्यायला उठते. विमल कुठं शे?

सुनंदा : माझ्याकडे. संक्रांतीआधीच आली, लेकराला घेऊन, अंगावरच्या साडीनिशी. पाठ पाहिली मी तिची, धुरपदा. हिरवीनिळी. मी नाही धाडणार तिला परत! दीर म्हणतात, पोरीला नांदायला पाठव, नाहीतर दोघी आमच्या घरातून निघा. हे गेल्यापासून त्यांच्याच घरात राहतो ना आम्ही. रोज फोन करते, तो तिला अजून घराबाहेर काढलं नाही ना, एवढंच विचारायला.

धुरपदा : अन् हे तू आज सांगते? निघताना?

सुनंदा : भीती वाटत होती. ही गल्ली तिला कसं वागवील ते पाहत होते. तुलाही पाहत होते. परवा नळावर, नवरा सोडून माहेरी आलेल्या त्या शेजारणीच्या पोरीला तू खदखदा हसलीस. तेव्हाच ठरवलं, तोंड उघडायचं नाही.

धुरपदा : पोरीले? अगं, नवऱ्याले हसले मी! न्यायला आला अन् नळावर हात उगारला. तिनं घागरच घातली त्याच्या डोक्यात. एवढं टेंगूळ! अजून हसू येतं माले.

सुनंदा : मला काय माहीत! मला वाटलं...

धुरपदा : तुले वाटलं, धुरपदा बदलली. माले वाटलं, तू बदलली. चांगल्या शहाण्या आपण!

उखर्डू : (दारातून) चला वहिनी! गेट पडायला आलं.

धुरपदा : थांबा हो. सुनंदा, ती मोठी थप्पी इकडे दे.

सुनंदा : परत घेतेस?

धुरपदा : सासरी धाडायची नाही तर सुरतेला कसाले नेते? विमल अठेच येऊन खाईल.

उखर्डू : विमल? आपली विमल? कुठं येतेय?

धुरपदा : तुमच्या गोडाऊनमध्ये. लेकराला घेऊन, आईला घेऊन, कायमची. अजून काही विचारनं शे?

उखर्डू : नाही. त्या खिडकीची कडी ढिली आहे. उद्याच बसवून घेतो. वहिनी, पिशवी द्या इकडे.

सुनंदा : भाऊ, मी...

धुरपदा : रडणं गाडीत. होळी झाली की बिबडे घालू. विमलच्या हाताले जोर शे ना, घाटा हाटायला?

सुनंदा : आहे. वाकलं की पाठ दुखते अजून.

धुरपदा : मग ती बसून थापील. हाटायला मी शे.