गाद्यांची खोली आणि कर्फ्यूची जीप

चंदीगडला असताना मला पोलिसांसमोर ड्रम वाजवून दाखवावे लागले होते, हे तुम्हाला कधी सांगितलेच नाही ना? पंजाबातले ते दहशतीचे दिवस, कधीही कर्फ्यू लागायचा. वर राहणाऱ्या घरमालकीणबाईंना त्रास नको म्हणून मी मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या आणि खिडकीवर दोन रजया. झाला आमचा स्वस्तातला साउंडप्रूफ स्टुडिओ!

एका सकाळी तासभर वाजवून दूध आणायला बाहेर पडले, तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. कोपऱ्यावर पोलिसांची जीप मात्र उभी.

"मॅडमजी, कर्फ्यू लगा है! सुना नहीं?" हवालदार खेकसला.

"नहीं जी, मैं ड्रम बजा रही थी. कमरा साउंडप्रूफ है."

"आप? ड्रम?"

त्याचा विश्वास बसेना. जीप घेऊन थेट आमच्या दारातच आला. गाद्यांच्या खोलीत बसून त्याने दार लावून घेतले आणि जीपवाल्याला बाहेरून भोंग्यावर घोषणा करायला लावली. आत शब्द न् शब्द ऐकू आला.

"सब सुनाई देता है, मॅडमजी!"

"एक मिनट," म्हणत मी ड्रमवर तुटून पडले. बाहेर जीपवाला ओरडून ओरडून दमला. शेवटी त्याने आत येऊन हवालदाराचा खांदा हलवला, तेव्हा कुठे घोषणा कधीच संपल्याचे त्याला कळले.

"आप सच्ची हो जी," उठता उठता तो म्हणाला. "पर ये गद्दे उतार दो, किसी काम के नहीं."