फट

दाताच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या कारकुनाला बोलायची सोय नव्हती. त्यामुळे शेजारच्या दोन पन्नाशीतल्या बायकांचं ऐकण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं.

"अगं खिंडे! तू इथे?"

"हळू बोल, बाई. ती खिंडच बुजवायला आलेय. पुढच्या दातांत एवढी फट घेऊन शनिवारी वर्गाच्या मेळाव्याला कशी येऊ?"

"बुजवलीस तर तुला ओळखेल कोण?"

"न ओळखलेलंच बरं."

"वेडी आहेस. गणिताचे सर जिन्यात दिसले की त्या फटीतून तूच शिट्टी मारायचीस. सगळ्या वर्गाची अब्रू तुझ्या दातांत होती!"

"आणि छड्या मी एकटीने खायच्या."

"म्हणून तर सगळे अजून तुझं नाव काढतात. पहिला नंबर कुणाचा यायचा, ते मात्र एकालाही आठवत नाही."

"तुझाच यायचा ना?"

"तेच सांगतेय."

आतून मदतनीस बाई डोकावल्या. "दातांतली फट बुजवायची, त्या कोण?"

"मीच. पण राहू द्या," म्हणत खिंड पर्स उचलून उठली. "शनिवारी तिचं काम आहे."