कंडक्टरकाकांच्या पोटऱ्या

तुमी हसाल, पण हे मी सोताच्या डोळ्यानं बघितलंय. आमच्या नांदूरघाटचे वसंतकाका एसटीत कंडक्टर व्हते, आता रिटायर झालेत. डॉक्टरनं त्यांना शुगरसाठी रोज चालायला सांगितलं, अन् सोबतीला मी. परवा सकाळी केज रोडला फिरायला गेलतो, तर काकाच्या पोटऱ्यांत असे गोळे आले, की मैलाच्या दगडावर बसले ते उठंनातच.

"काका, जन्मभर उभ्यानं नोकरी केली, अन् एवढ्यात थकले?"

"कावून दुखतेत ते मलाच कळंना बे! ही जमीन हालतच न्हाई ना!"

तेवढ्यात केजहून एसटी आली, हात केला. आत मी भांडून एक शीट मिळवलं. "काका, बसा."

"तूच बस. मी उभाच बरा हाय."

रस्ता तर तुमाला ठाऊकच हाय. खड्ड्यात गाडी आदळली की मी बसल्या जागी उडत व्हतो. काका मधी उभे, पाय फाकवून, दोन्ही हात मोकळे. वर बघितलं तर डोळे मिटलेले. चक्क घोरत व्हते! अख्खी गाडी माना वळवून बघत राहिली, नवा कंडक्टर बी.

आमचा थांबा आला. काकाचे डोळे मिटलेलेच, पण हात आपोआप वर गेला, दोरी वढली, घंटी वाजली, गाडी थांबली.

उतरून काका ताडताड घराकडं निघाले. मी मागं पळत विचारलं, "काका, पोटऱ्या?"

"ड्युटीवर कुठं दुखतेत बे?"