केळीकाट्यावर झालेले फेरवजन

जबाब देणार: दिगंबर पंडित चौधरी, वय ५३, धंदा पाणबुडी मोटारींचे वायंडिंग (काम कोणाकडे न जाता, जळालेल्या मोटारी उघडून स्वतः शिकलेलो), रा. बुधवारा, बऱ्हाणपूर.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, माझी पत्नी कोकिळा हिचा वजनामुळे झोपेत श्वास अडकतो. डॉक्टरांनी पोट लहान करण्याचे ऑपरेशन सांगितले. ते विम्यात बसायला वजन ठरलेल्या मर्यादेच्या वर असल्याचा दाखला लागतो. गुडघ्यांमुळे तिला दवाखान्याच्या लहान काट्यावर उभे राहता येत नाही. म्हणून डॉक्टरांच्या संमतीने शाहपूरच्या केळीकाट्यावर, जिथे केळीचे घड तोलतात, तिथे खुर्चीसह तिचे वजन केले. काट्यावर सरकारी शिक्का आहे. मी स्वतः पाहिला.

तोलणारे कडू निंबा पाटील यांनी खुर्चीचे वजन वजा केले. ते बरोबर. पण केळीच्या घडातून दांड्यापोटी जी घट धरतात, तीही हाताच्या सवयीने वजा केली. वजन मर्यादेखाली गेले, विमा नामंजूर झाला. चूक कळल्यावर कडूभाऊंनी दुसरी चिठ्ठी दिली. ती मी विमा कंपनीला दिली. कंपनीने ती बनावट समजून येथे ठाण्यात माझ्याविरुद्ध तक्रार केली.

कडूभाऊ कोणी न बोलावता ठाण्यात आले, हे नमूद व्हावे. म्हणाले, "साहेब, गलती माझी आहे. दिगूभाऊले कायले बसवून ठेवता?" मालक कामावरून काढेल, हे त्यांना माहीत होते.

काल सकाळी हवालदार साहेब व कंपनीचे गृहस्थ यांच्यासमोर फेरवजन झाले. गाड्या भरणे चालू होते. पत्नी चारचौघांत जात नाही. सख्ख्या भाचीच्या लग्नालाही गेली नव्हती. ती काट्याजवळ येऊन थांबली. हमालांनी, कोणी न सांगता, घड खाली ठेवले आणि तोंडे रस्त्याकडे केली. हवालदार साहेबही वळले. मग ती बसली. म्हणाली, "कडूभाऊ, आज दांडा कापू नका हं." पाठमोरे हमाल हसले. तीही हसली. हसण्याने आकडा हलत होता, म्हणून थोडे थांबावे लागले. आकडा वाचण्यापुरते साहेब पुन्हा काट्याकडे वळले.

वजन मर्यादेच्या वर भरले. आज मंजुरीचा फोन आला. सर्वांचा आभारी आहे. कडूभाऊंविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. त्यांच्या मालकांना ठाण्यातून तसे कळवावे.

मजकूर मला मराठीत वाचून दाखवला. एके ठिकाणी 'सदर बाई' असे लिहिले होते, ते खोडून 'माझी पत्नी कोकिळा' करवले. आता बरोबर आहे.