खाली आवाज जात नाही

आमचे वडील भंडाऱ्याकडून इथे जबलपूरला फॅक्टरीत लागले, घमापुरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, तिथेच मी वाढलो आणि तिथेच म्हातारा होऊन राहिलो. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी, म्हणून माझं बोलणं असं आहे, तुम्ही लिहिताना सुधरवू नका, माझी बायको सुनंदा तीस वर्षांपासून सुधरवून राहिली, काही झालं नाही. मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो. नवरदेव नाचतो, नवरदेवाचा मामा पडतो, मी वाजवतच असतो.

आता असली, म्हणजे खरेखुरे ड्रम घरी येतच नाहीत, ते आमच्या ऑर्केस्ट्रा पार्टीच्या गाडीत बांधलेले, आज कटनी, परवा मझौली, आणि पन्नाशीनंतर माझा उजवा पाय जड पडून राहिला होता, ज्या पायानं मोठा ड्रम वाजवतात तोच, नवीन गाण्यांत मागे राहायचा. गाणारा पोरगा माईकवरून म्हणाला, दादा थक गये क्या, लोक हसले, मीही हसलो. म्हणून घरी रियाजासाठी दुसरा सेट घेतला, इलेक्ट्रॉनिक, रबराच्या थाळ्यांचा, कानाला हेडफोन लावला की सगळं वादळ आपल्याच डोक्यात. दुकानदार म्हणाला, भैया, बगल में कोई सोता रहेगा, पता नहीं चलेगा. हे वाक्य मी मोहल्लाभर सांगत फिरलो.

बगलेत कोणी नव्हतं हो, खाली होते. आमच्या बरोबर खाली देशमुख काका आणि काकू. काका सिविल लाइंसच्या एका दफ्तरात बाबू होते, रिटायर झाले आणि लकव्यानं अर्धं अंग गेलं, बोलणं गेलं, राहिले डोळे आणि एक हात. मी रोज दुपारी चार वाजता बसायचो, कारण तेव्हा मला वेळ असायचा, काका तेव्हा झोपतात हे मला माहीत होतं की नाही ते विचारू नका.

आणि आता काय सांगू तुम्हाला, हे सुनंदासमोर सांगताना अजून कान गरम होतात. एक दिवस हेडफोन काढला तर खालून ठक ठक ठक. मी बसलो पुन्हा, पुन्हा काढला, पुन्हा ठक ठक. मी तडक खाली गेलो. काकू दारात, हातात कोळ्याचे जाळे काढायचा बांबू. मी म्हटलं, काकू, जाळे जरा सकाळी काढत जा ना, माझा ठेका चुकून राहिला. काकूंनी बांबू मागे धरला आणि म्हणाल्या, बरं बेटा. झालं. त्या दिवसापासून ठक ठक बंद, आणि मी घरी येऊन सुनंदाला म्हटलं, बघ, गोड बोललं की माणसं ऐकतात.

थंडीत एकदा काकूंनी हाक मारली, काका पलंगावरून घसरले होते. मी धावलो, मोठा उपकार करायला निघाल्यासारखा. पाहतो तर पलंग स्वयंपाकघरात, गॅसच्या बाजूला, काकूंना पोळ्या लाटायला तिरपं उभं राहावं लागेल असा. मी आणि मागून आलेल्या सुनंदानं काकांना उचललं, मग मी विचारलं, काकू, यांना इथे काहून आणलं? त्या म्हणाल्या, काही नाही रे, पुढच्या खोलीत तुझा पाय वाजतो. मी म्हटलं, पण काकू, माझ्या ड्रमला आवाजच नाही. त्या म्हणाल्या, अच्छा.

मी सुनंदाला वर पाठवलं, म्हटलं मोठ्या ड्रमची पायाखालची ती पट्टी दाब, आणि स्वतः पुढच्या खोलीत उभा राहिलो. धप्. पंख्याची दांडी हलली. सुनंदानं कधी वाजवलं नाही, तिनं हळूच दाबली असेल. धप्. मी तर दोन दोन तास नाचायचो तिच्यावर. तेव्हा मला बांबू आठवला, जाळे आठवले. मी म्हटलं, काकू, मला शिव्या का नाही दिल्या? त्या म्हणाल्या, तुझं पोट आहे ना त्यावर.

दुसऱ्याच दिवशी सेट पार्टीच्या गोदामात नेऊन टाकला, पलंग पुढच्या खोलीत आणला. मला वाटलं, चलो, फिटलं. फिटतं कुठे? चार वाजले की काका छताकडे बघायला लागतात, आणि नजर काढत नाहीत. काकू सांगतात, अहो, तो आता वाजवत नाही, पण ते ऐकतच नाहीत.

म्हणून आता चार वाजता मीच खाली जातो. त्यांच्यासमोर खुर्चीवर मांडी घालून बसतो, दोन्ही पाय वर, त्यांना नीट दिसतील असे. ते छताकडे बघतात, मग माझ्या पायांकडे, मग पुन्हा छताकडे. कधी अर्धा तास लागतो, कधी जास्त. मग डोळे मिटतात. देव त्यांना रोज तेवढी झोप देवो, माझं मागणं आता एवढंच. मी हळूच उठतो आणि चपला हातात घेऊन जिना चढतो.