ई-चौदा आणि चार वन्स मोअर

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५. आकाश निरभ्र, वारा नाही... वारा तर त्या सभागृहातही नव्हता हो, तेच तर सांगतोय. पंखे वर होते, फिरतही होते, पण माझ्यापर्यंत काही पोचत नव्हतं, कारण डावीकडे मौद्याचे गोपाळराव, उजवीकडे त्यांच्या यमुताई, आणि मी मधोमध, आसन क्रमांक ई-चौदा. उठायची सोय नाही. यमुताईंच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यांनी पाय समोरच्या खुर्चीखाली लांब केलेला, तो ओलांडून जाणार कसं? आणि गोपाळरावांच्या मांडीवर डब्यांची ही एवढी पिशवी. तिकडून जायचं म्हणजे पिशवीसकट जायचं.

तुम्ही म्हणाल, यांच्या मधात बसायला सांगितलं कोणी? गोपाळरावांनीच सांगितलं. "देवाजीभाऊ, तुम्ही मधात बसा, म्हणजे आम्हाले दोघाइले समजावून सांगान." बसलो.

आणि यांना नाटकाला बोलावलं कोणी? मी. आता काय सांगू तुम्हाला... अठ्ठावीस वर्षं रोज डायरी लिहिणारा माणूस मी, कामात चूक नसते माझी. आमची मधुवंती या नाटकाची नायिका. गोपाळरावांचा अर्णव पुण्याला नोकरीवर, स्थळ चांगलं, अडीच वर्षं शोधून मिळालेलं. मी विचार केला, मुलगी दाखवायची तर घरी पोहे, चहा, ती खाली मान घालून बसणार, यांना काय दिसणार? त्यापेक्षा स्टेजवर पाहून घ्या ना. उजेड भरपूर. चालणं दिसतं, बोलणं ऐकू येतं, गळा कळतो, समोरून दिसते, बाजूनं दिसते. शामलाला, म्हणजे आमच्या घरच्यांना, ही योजना सांगितली, तर ती म्हणाली, "तुम्ही नाटक पाहिलं का आधी?" मी म्हटलं, संगीत नाटक आहे, त्यात पाहायचं काय? देव असतील, राजा असेल, सगळे उभं राहून गातील.

राजा नव्हता हो. जीन्सची पँट होती.

पडदा उघडायच्या आधी मी रंगपटात जाऊन मधुला सांगून आलो, की मौद्याचे पाहुणे आलेत, पाचव्या रांगेत आहेत, तेवढं नीट कर. ती गालाला रंग लावत होती, हात तसाच थांबला. "बाबा, आज? मला तुमच्याशी बोलायचं होतं." मी म्हटलं, नाटक झाल्यावर. आणि येऊन बसलो. ई-चौदा.

तर नाटक असं. नायक ऋषिकेश. याला मी ओळखतो, तालमीहून मधुला घरी सोडायला येतो, गाडी हळू चालवतो. पहिल्या अंकाच्या मध्यावर हा गुडघ्यावर बसतो, हातात फूल, मधुचा हात धरतो आणि विचारतो, "माझ्याशी लग्न करशील?" मी तुम्हाला सांगतो, माझं घड्याळ सेकंदकाट्याचं आहे. अकरा सेकंद हात धरला. मग ही म्हणते, "मला थोडा वेळ दे," आणि मग दोघांचं गाणं. वाद्यं सगळी लॅपटॉपमधून, गळा मात्र यांचा.

यमुताई माझ्या कानाशी, "काय म्हणे तो पोरगा?"

मी म्हटलं, "वेळ विचारतोय."

"किती वाजले?"

"सव्वापाच."

आता याच्यापुढे काय समजावून सांगणार?

गाणं चांगलं झालं. मी म्हटलं, सुटलो. तेवढ्यात डावीकडून असा आवाज आला, की पुढच्या रांगेतल्या बाईंची पर्स पडली. "वन्स मोअर!"

गोपाळराव. उभे. हात वर.

"आमच्या मौद्याले नाटक आलं ना भाऊ, तर माह्या वन्स मोअरशिवाय मास्तर पुढच्या गाण्याले हात लावत नव्हते. गळ्याचा मान ठेवा लागते." बरोबर आहे, जुन्या नाटकात पेटीवाला समोर बसलेला, डोळ्यांनी खूण केली की गाणं पुन्हा सुरू. इथं पेटीवाला कुठाय? इथं मागच्या खोलीत नंदिनी नावाची मुलगी लॅपटॉप घेऊन. तिला आयुष्यात कोणी वन्स मोअर दिलेला नाही. तिनं काय केलं, गाण्याचा तुकडा वेगळा नव्हताच तिच्याकडे, लग्नाच्या मागणीपासूनची धून एकच, तिनं ती पहिल्यापासून लावली. म्हणजे काय? म्हणजे ऋषिकेश पुन्हा गुडघ्यावर, पुन्हा फूल, पुन्हा "माझ्याशी लग्न करशील?"

सव्वीस सेकंद.

मी गोपाळरावांना म्हटलं, "बस झालं आता, नाटक लांबेल." तर म्हणतात, "लांबू द्या ना गा. आपल्याले कुठं जायचं हाये? घ्या, चिवडा घ्या." उजवीकडून यमुताईंचा डबा. "घ्या ना भाऊजी, भिवापुरी मिरची हाये, जपून." जपून खाल्ला, तरी डोळ्यांतून पाणी आलं, आणि यमुताई नवऱ्याला माझ्यावरून वाकून सांगतात, "पाहा, बापाले भरून आलं." माझ्यावरूनच वाकणार, दुसरा रस्ताच नाही, मी ई-चौदा.

त्या मिरचीच्या पाण्यातून मी स्टेजकडे पाहिलं आणि मला काहीतरी वेगळं दिसायला लागलं. अभिनय नव्हता हो तो. आमच्या मधुला अभिनय करताना मी पाहिलंय, अभिनय करताना ती भुवया वर करते. आत्ता भुवया खाली होत्या.

खिशातून डायरी काढली. मोबाइलच्या उजेडात, पिशवीच्या आडोशाला, जानेवारीपासून पाहिलं. तीन जानेवारी, धुकं, 'मधुला ऋषिकेशने सोडलं. टायरमध्ये हवा कमी होती, त्याला सांगितलं.' अकरा, थंडी, 'ऋषिकेशने सिलिंडर वर आणून दिलं. चहा नको म्हणाला, शामलाने पाजला.' एकोणीस, ढगाळ, 'मधु काही बोलायचं म्हणत होती. उद्या म्हटलं.' वीस, निरभ्र, 'मधुला उद्या म्हटलं.' सत्तावीस, 'उद्या म्हटलं.' चाळीस दिवसांत हवा चाळीस वेळा, ऋषिकेश सतरा वेळा, उद्या सहा वेळा... सगळं माझ्याच अक्षरात, आणि लिहिणाऱ्याला पत्ता नाही. असा माणूस पाहिलाय तुम्ही?

तेवढ्यात मोबाइल थरथरला. शामला. ती रांगेच्या टोकाला, वाटेलगत बसलेली, केव्हाही उठून जाऊ शकणारी. 'दिसलं का?' एवढंच.

मी लिहिलं, 'तुला माहीत होतं?'

तिचं उत्तर, 'घरात मी पण राहते.'

इकडे गाणं संपलं आणि दुसऱ्यांदा, "वन्स मोअर!" या वेळी मागच्या रांगांमधून पण दोनचार आवाज, गोपाळरावांनी वातावरणच करून टाकलं होतं. पुन्हा धून. पुन्हा गुडघा. ऋषिकेशच्या पँटीचा गुडघा पांढरा झालेला. चाळीस सेकंद, मग मी मोजणं सोडलं. यमुताई म्हणतात, "अर्णव, पोरगी कशी वाटून राहिली?" अर्णव पलीकडे ई-सोळावर, आल्यापासून तोंड न उघडलेला, तो म्हणाला, "आई, नाटक पाहा." चांगल्या आवाजात म्हणाला. चांगला मुलगा हो, तेच तर दुःख.

तिसरा वन्स मोअर. गोपाळरावांचा घसा बसला, तरी दिला. मी त्यांना सांगायला हवं होतं की नाही, तुम्हीच सांगा? पण काय सांगणार, की तुम्ही जिला सून म्हणून पाहायला आलात, तिला दुसरा मुलगा लग्नाचं विचारतोय आणि तुम्ही त्याला पुन्हा विचार म्हणताय? आणि न सांगावं, तर आठ दिवसांनी मौद्याहून होकार येणार, मी आनंदानं तारीख काढणार, आणि मधु... मधु मला काय म्हणणार? तिला तर मी उद्या ये म्हटलेलं. इकडून पाय, तिकडून पिशवी, समोर स्टेज. ई-चौदा.

आणि चौथ्यांदा ऋषिकेशनं मधुला विचारलं. तिनं पाचव्या रांगेकडे पाहिलं. उजेड तिच्या डोळ्यांवर, तिला मी दिसत होतो की नाही देव जाणे, पण पाहिलं माझ्याकडेच. मग मान वळवली आणि म्हणाली, "मला थोडा वेळ दे." इतक्या हळू, की यमुताईंनीच काय, मीही विचारलं असतं काय म्हणाली म्हणून. गाणं झालं. टाळ्या. नंदिनीनं पुढच्या प्रसंगाचं संगीत लावलं, दोघं वेगळे होऊन दोन विंगांकडे चालायला लागले.

गोपाळरावांनी तोंड उघडलं, आवाज निघाला नाही.

मग मी उभा राहिलो. मी आयुष्यात कधी ओरडलेलो नाही, बसच्या कंडक्टरवरसुद्धा नाही. म्हटलं, "वन्स मोअर."

सगळं सभागृह वळून पाहायला लागलं. नंदिनीनं धून पहिल्यापासून लावली. ऋषिकेश परत आला, गुडघ्यावर बसला, विचारलं. आणि मधु माझ्याकडे बघून, भुवया खाली ठेवून म्हणाली, "हो."

लिहिलेल्या नाटकात हा 'हो' अगदी शेवटी होता. त्याच्याआधी ताटातूट, गैरसमज, आणि या लग्नाच्या आड येणारा नायिकेचा बाप. तो बाप विंगेत मिशा लावून तयार. संगीत बंद पडलेलं, दोघं हात धरून उभी, त्याला काही सुचेना, तो आत आला आणि म्हणाला, "मी हे लग्न होऊ..." मग दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा प्रेक्षकांकडे पाहिलं. "बरं," म्हणाला आणि परत गेला. पडदा पडला. पाच वाजून एकोणपन्नास मिनिटं.

टाळ्या थांबेनात. गोपाळराव बसलेल्या घशानं, "देवाजीभाऊ, पोरगी म्हणजे कलाकार हाये. हो म्हणे तर अंगावर काटा आला माह्या."

अर्णव म्हणाला, "बाबा, ती खरंच हो म्हणाली."

"नाटकात म्हणे ना गा."

"नाही बाबा. खरंच."

गोपाळरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी पिशवीतले डबे एकदा या बाजूला केले, एकदा त्या बाजूला केले. यमुताई विचारतात, "काय झालं? मले सांगा ना कोणी." गोपाळराव म्हणाले, "म्हणजे चार खेपा मी कोणाचं जमवून राहिलो होतो गा?"

मी म्हटलं, "तीन तुमच्या. चौथी माझी."

रविवार, २ मार्च २०२५. सक्करदऱ्याला, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, मधुवंती आणि ऋषिकेश यांचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. मौद्याहून तिघं आले होते, जेवले, तीनच्या सुमारास परत गेले. नाटकाचा दुसरा अंक अद्याप झालेला नाही.